मुलांना चिखल द्यावा, पण हौद बांधून आणि पावसाळा सोडून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना चिखलात खेळू द्यावे, हे कोकणात कुणाला पटवून द्यावे लागत नाही. बालवाडीच्या मागे, घरगुती निवासांच्या परड्यात, मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या नातवंडांसाठी घराशेजारी असे चिखलाचे खड्डे आता केले जातात. हौस चांगलीच आहे, पण बहुतेक ठिकाणी दोन गोष्टी चुकतात. खड्डा नुसता खणून सोडला जातो आणि तो ऐन पावसाळ्यात वापरला जातो. आपल्याकडची माती आणि पाऊस पाहता चिखलाचा हौद चिऱ्यांनी बांधून काढावा, दिवाळीच्या सुट्टीत उघडावा आणि मृगाआधी बंद करावा. हे नेमके कसे करायचे ते सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले आहे, पण अर्धवट माहितीवर केलेला हौद धोक्याचा असतो, म्हणून कृपया ते पूर्ण छापावे.

आधी पावसाळ्याबद्दल, कारण इथेच लोक नाराज होतात. पावसात आयता चिखल असताना उन्हाळ्यात पाणी ओतून तो करायचा कशासाठी, असे विचारले जाते. याचे उत्तर लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार. उंदीर, गुरे आणि कुत्री यांच्या मुतातून हे जंतू मातीत येतात, ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे टिकतात आणि पायाच्या जखमेतून, भिजून मऊ पडलेल्या कातडीतून किंवा डोळ्यांतोंडातून अंगात शिरतात. कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांना सोसत नाही. जून ते सप्टेंबर या काळात आपल्या किनारपट्टीवर २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो. या चार महिन्यांत परड्यातला खड्डा एकदाही पुरता सुकत नाही, आणि गोठ्यातले, उकिरड्यावरचे, बिळांतले पाणी वाहत येऊन सखल जागी थांबते. खणलेला खड्डा ही घराभोवतालची सगळ्यात सखल जागा असते. शेतात लावणीला उतरावे लागते, ते काम आहे आणि त्याला इलाज नाही. खेळासाठी मात्र तीच जोखीम मुलांच्या अंगावर घालायचे काही कारण नाही.

जागा निवडताना म्हणूनच पहिला विचार उताराचा करावा. आपली परडी पायऱ्यापायऱ्यांची असतात. गोठा, शौचालयाचा शोषखड्डा, नाहणीचे सांडपाणी आणि उकिरडा या सगळ्यांच्या वरच्या अंगाला, निदान ५० फूट दूर हौद घ्यावा. भाताची कणगी किंवा खोबरे साठवायची खोली जवळ असेल तर तिथे उंदीर हमखास येतात, ती जागा टाळावी. पागोळीखाली नको आणि पंपाच्या वायरीजवळही नको. सावलीसाठी माडाखाली जाऊ नये, नारळ आणि सुकलेली झावळी कधी खाली येईल याचा नेम नसतो. फणसाखालीही तोच धोका. काजूच्या बोंडांच्या दिवसांत काजूखाली बसलेल्या मुलांच्या हाताला बीचे तेल लागून कातडी भाजते. आंब्यावर लाल मुंग्यांची घरटी असतात. सगळ्यात चांगला म्हणजे झापांचा साधा मांडव, सहा-सात फूट उंच, पश्चिमेकडून अर्धा झाकलेला. सकाळचे ऊन आत आले पाहिजे, कारण चिखल निरोगी राहतो तो उन्हामुळेच.

आता बांधणी. घरच्या चार मुलांना आतून ६ फूट बाय ४ फुटांचा हौद पुरतो. कडेला जांभ्याचे चिरे एका ओळीत आडवे, कडेवर उभे करून लावायचे. आपल्याकडे मिळणारा नेहमीचा चिरा १४ × ९ × ७ इंचांचा असतो. तो असा लावला की ९ इंच उंची आणि ७ इंच जाडी मिळते. या मापाला २० चिरे लागतात, फुटतुटीसाठी दोन जास्त आणावेत. एक चिरा साधारण तीसेक किलोचा असतो, तेव्हा ते माणसे लावूनच हलवावेत.

बाहेरच्या मापाने, म्हणजे ७ फूट २ इंच बाय ५ फूट २ इंच, जमीन ४ इंच खोल काढावी आणि चिरे त्या तळावर बसवावेत. ५ इंच कठडा जमिनीच्या वर राहतो, त्यामुळे अवकाळी सर आली तरी परड्यातले पाणी आत शिरत नाही. जिथे कातळच आहे तिथे खणायच्या भानगडीत पडू नये. चिरे थेट कातळावर बांधावेत आणि आत दोन इंच चाळलेली माती घालून ती चोपून घ्यावी, नाहीतर खरबरीत जांभा मुलांचे गुडघे सोलतो.

चिऱ्यांचे सांधे सिमेंट आणि रेतीच्या १:६ मसाल्याने पक्के भरावेत. गडग्यासारखे कोरडे रचून ठेवले तर सांध्यांत फुरसे येऊन बसते. जांभ्याच्या फटी आणि दगडाखालची कोरडी जागा ही त्याची आवडती ठिकाणे आहेत. याच कारणाने उरलेले चिरे, झावळ्या आणि चुडतांचा ढीग हौदाजवळ ठेवू नये. कठड्याच्या वरच्या आणि आतल्या अंगाला १:४ चा गिलावा करून कोपरे हाताने गोल करावेत.

तळाला उतार दिल्याशिवाय हा सगळा खटाटोप फुकट आहे. लांबीच्या ६ फुटांत २ इंच उतार एका कोपऱ्याकडे काढावा आणि तळ थोडा ओला करून चोपण्याने चांगला चोपावा. इथे सवयीने शेणाने सारवायचा मोह होतो, तो आवरावा. गुरांच्या शेणात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात आणि मुलांच्या पायांना खरचटणे ठरलेलेच असते. सखल कोपऱ्यात चिऱ्याला भोक पाडून ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप तळाच्या पातळीला बसवावा आणि खालच्या पायरीवर केळीच्या किंवा आळवाच्या आळ्यात सोडावा. गटारात सोडला तर चार दिवसांत गटार तुंबते. परडे सपाट असेल आणि पाइपाला उतार मिळत नसेल, तर न खणता सगळा हौद जमिनीच्या वर बांधावा. पाइपाच्या बाहेरच्या टोकाला टोपण घालावे आणि आतल्या तोंडाशी नारळाच्या काथ्याचा मुठीएवढा बोळा जाळीच्या तुकड्यात बांधून बसवावा. काथ्या लवकर कुजत नाही, पाणी जाऊ देतो आणि माती बरीचशी अडवतो. खेळताना टोपण लावलेले, खेळ संपला की काढलेले: हौद चांगला राहण्यासाठी एवढी एकच सवय पुरते.

मातीबद्दल मात्र सावकाश बोलले पाहिजे, कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. भाताच्या मळ्यातली माती मऊ आणि हाताशी असते, पण वर सांगितलेले लेप्टोचे जंतू तिथेच असतात आणि शिवाय खतेही. खाडीचा गाळ तर आणूच नये. तो खारट असतो, त्याला कुजका वास येतो आणि त्यात कालवांच्या कवचांचे तुकडे ब्लेडसारखे कापतात. हापूसच्या कलमांखालची माती दिसायला उत्तम, पण मोहोराच्या फवारण्या तिथेच गळतात. पावसाळ्यात झाडाच्या घेराखाली पॅक्लोब्युट्राझॉल हे मोहोर आणणारे रसायनही दिले जाते आणि ते मातीत बराच काळ राहते. बागायतदार त्याला कल्टार म्हणतात. ती माती मुलांच्या तोंडाशी जाता कामा नये. वारूळ फोडून आणलेली माती चिकट असते खरी, पण वारुळात कोण राहत असेल ते बाहेरून कळत नाही. गणपतीची शाडू माती निव्वळ वापरली तर पाय घसरतात, सुकली की दगड होते, आणि एवढी विकत घेणे परवडतही नाही.

सगळ्यात चांगली माती खालच्या थराची. विहीर किंवा घराचा पाया खणताना जांभ्याचा कडक थर संपला की गुलाबी-पांढरट, हाताला साबणासारखी लागणारी मऊ माती लागते. तिच्यात पालापाचोळा नसतो, म्हणून ती सहसा कुजत नाही. जंतू आणि किडेही वरच्या मातीपेक्षा पुष्कळ कमी. तिच्यातली चिकणमाती देशावरच्या काळ्या मातीसारखी फुगत नाही, त्यामुळे सुकताना मोठ्या भेगा पडत नाहीत. ही दोन घमेली, चाळलेली लाल माती एक घमेले आणि नदीची धुतलेली बारीक रेती एक घमेले, असे प्रमाण धरावे. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. लाल माती आधी मोठ्या जाळीतून आणि मग गिलाव्याची रेती चाळायच्या बारीक जाळीतून काढावी. जांभ्याचे मुगाएवढे खडेसुद्धा अनवाणी पायाला टोचतात.

वर सांगितलेल्या हौदाला चिखल भरतो साधारण १४ घनफूट. माती भिजून दबते, म्हणून कोरडे मिश्रण २० घनफूट लागते, म्हणजे ब्रासचा पाचवा हिस्सा किंवा चाळीस-पंचेचाळीस घमेली. प्रमाण अंदाजाने न ठरवता दोन परीक्षा कराव्यात. सरळ उभ्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा मिश्रण, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून जोरात हलवावी आणि ठेवून द्यावी. पहिल्या मिनिटात तळाला बसते ती रेती, दोन तासांत तिच्यावर बसतो तो गाळवट भाग, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वर जी मऊ साय जमते ती चिकणमाती. रेती निम्मी किंवा थोडी कमी आणि चिकणमाती पाव हिस्सा असेल तर मिश्रण जमले. दुसरी परीक्षा हाताची. ओल्या मातीची पेन्सिलीएवढी जाड वळी करून वाकवावी. ती न चिरता पूर्ण कडे होत असेल तर रेती कमी आहे. वळतानाच तुटत असेल तर गुलाबी माती वाढवावी.

मिश्रण तयार झाले की लगेच हौदात घालू नये. मोकळ्या उन्हात ते पाच-सहा इंच जाडीने पसरावे, हलके ओले करावे आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक टाकून कडा मातीने दाबून टाकाव्यात. काळे प्लॅस्टिक चालत नाही. ते स्वतः तापते, पण ऊन खाली जाऊ देत नाही. चार आठवडे, मळभ असेल तर सहा आठवडे तसेच ठेवावे. आतली माती ४५ ते ५० अंशांपर्यंत तापते आणि हुकवर्म या आतड्यातल्या जंतांच्या अळ्या, तणाचे बी आणि बऱ्याच बुरशा मरतात. धनुर्वाताचे बीजाणू मात्र यात मरत नाहीत. त्यावर उपाय लसीचाच. दीड-दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर, तसेच दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडी (धनुर्वात-घटसर्प) लस, यांपैकी वयाप्रमाणे लागू ती झाली आहे का, ते कार्डावर पाहूनच मूल हौदात उतरवावे.

काही जण ब्लीचिंग पावडर टाकून माती निर्जंतुक करू पाहतात. मातीत गेलेले क्लोरीन मातीच खाऊन टाकते, जंतूंपर्यंत फारसे पोचत नाही, आणि मुलांच्या कातडीची व डोळ्यांची आग होते ती वेगळीच. चुना त्याहून वाईट, तो डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. फिनाइलही नको. तालमीच्या हौद्यात ताक, तेल, हळद घालतात म्हणून इथेही घालावी, असे सुचवले जाते. पण ती माती जेमतेम ओलसर ठेवलेली आणि रोज खणून मोकळी केलेली असते. थबथबीत चिखलात ताक-तेल घातले की ते कुजते.

पाणी विहिरीचे किंवा नळाचे असावे, साठवलेले सांडपाणी नको. पहिल्या भिजवणीला १५ लिटरच्या बारा ते पंधरा बादल्या लागतात आणि मे महिन्यात रोज साधारण एक बादली उडून जाते. एवढा पाऊस पडणाऱ्या कोकणात मे महिन्यात वाड्यांवर टँकर येतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तुमच्या वाडीवर ती वेळ येत असेल तर ४ बाय ३ फुटांचा छोटा हौद करावा. त्याला निम्मेच मिश्रण आणि निम्मेच पाणी लागते.

संध्याकाळी कोरड्या मिश्रणावर दोनतृतीयांश पाणी ओतून रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी मोठ्यांनी पायाने तुडवावे. सगळे पाणी एकदम ओतले तर वर पेज होते आणि खाली कोरड्या गाठी राहतात. तुडवत तुडवत उरलेले पाणी घालत जावे. मूठ दाबली की चिखल बोटांतून वर यावा आणि आलेला शेंडा तसाच उभा राहावा. पाय घोट्यापर्यंत जावा आणि ओढताना अडकू नये. पाय अडकत असेल, मुलाची चड्डी खाली राहून मूल वर येत असेल, तर रेतीची दोन घमेली टाकावीत. वर उभे पाणी बोटाच्या पेराहून जास्त ठेवू नये. लहान मूल पालथे पडले तर दोन इंच पाण्यातही गुदमरू शकते. मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर बसायचे, मोबाइल घरात ठेवायचा. माती अजून तोंडात घालणारे मूल हौदात सोडू नये. पायाला उघडी जखम असेल तर ती बरी होईपर्यंत थांबावे.

वेळ सकाळी दहाच्या आधी किंवा चारनंतर, अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त नको. हौदाजवळ डोणीत किंवा बादलीत स्वच्छ पाणी आधी भरून ठेवावे, म्हणजे डोळ्यात चिखल गेला तर धावाधाव होत नाही. खेळ झाल्यावर लगेच साबणाने अंघोळ, बोटांच्या बेचक्या आणि जांघा कोरड्या पुसणे, नखे कापलेली असणे, एवढे पाळले तर नायटा सहसा होत नाही. कपडे जुनेच घालावेत, लाल मातीचा डाग जात नाही.

रात्री टोपण काढून हौदावर झाकण हवे. बांबूच्या चौकटीवर ताणलेले जुने मासेमारीचे जाळे सगळ्यात उत्तम. मांजरे, कुत्री आणि कोंबड्या आत येत नाहीत, आणि वारा लागून चिखल वरून सुकतो. ताडपत्रीखाली चिखल घामेजतो आणि दोन दिवसांत आंबूस वास सुटतो. असा वास आला किंवा खालचा चिखल काळपट दिसला तर समजावे की आत पाला कुजतो आहे. पाला वेचून काढावा, फावड्याने सगळा चिखल उलटापालटा करावा आणि भेगा पडेपर्यंत तीन-चार दिवस कडक उन्हात सुकू द्यावा. तरीही वास राहिला तर ती माती माडाच्या आळ्यात घालावी आणि नवी भरावी. पाणी निथळत नसेल तर काथ्याचा बोळा भरला आहे, तो बदलावा. पाणी आठवडाभर साचून राहिले तर डासांच्या अळ्या होतात. खेळ नसला तरी आठवड्यातून एकदा हौद पुरता सुकलाच पाहिजे, लेप्टोसाठीही हाच उपाय.

चिखलात खेळल्यानंतर महिन्याभरात मुलाला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना चिखलाचे आधी सांगावे. नुसता ताप म्हणून गोळी देऊन दोन दिवस घालवू नयेत. लेप्टो लवकर कळला तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो, उशिरा कळला तर मूत्रपिंडांवर जाऊ शकतो.

मे अखेरीस वळवाच्या सरी सुरू झाल्या की हौद बंद करावा. चिखल उन्हात पुरता सुकवून, फोडून, गोणींत भरून पडवीत उंचावर ठेवावा. हौद रिकामा, पाइप उघडा, जाळे काढलेले. पावसाळ्यात त्यात पाला जमू देऊ नये, आणि साफ करताना आधी काठीने हलवून मगच हात घालावा. दसऱ्यानंतर ऊन चांगले पडले की माती आठ दिवस पसरून सुकवावी, पुन्हा चाळावी आणि दिवाळीच्या सुट्टीत हौद उघडावा.

शेवटी शाळा आणि अंगणवाड्यांना एक विनंती. आवारात पेव्हर ब्लॉक बसवण्याचे काम निघाले असेल, तर ७ फूट बाय ५ फुटांचा एक कोपरा, पाण्याच्या नळापासून जवळ आणि शौचालयापासून दूर, आत्ताच मोकळा सोडायला सांगावे. ब्लॉक बसल्यावर उतार आणि पाइप काढता येत नाही. आणि ज्यांना यंदाच्या मे महिन्यातच हौद हवा आहे, त्यांनी शिमग्याच्या पालख्या फिरून झाल्या की माती चाळायला घ्यावी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती प्लॅस्टिकखाली गेली तरच मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हाताशी येते. त्याहून उशीर झाला तर घाईने कच्ची माती भरू नये, सरळ दिवाळीची वाट पाहावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, जि. रत्नागिरी